उतरणं आणि सापडणं

विमानाचा इतिहास म्हटलं की आपली गाडी तीनच स्टेशनं घेते. राइट बंधू, मग जे. आर. डी. टाटा, आणि मग एकदम जम्बो जेट. मधल्या थांब्यांवर सहसा कुणी उतरत नाही. आज आम्ही तुम्हाला अशाच एका मधल्या थांब्यावर उतरवणार आहोत. विषय असा : एकच इंजिन असलेलं छोटं खाजगी विमान, आत एक किंवा दोन माणसं, आणि हवेत असताना इंजिन बंद पडतं. पुढे काय होतं?

हा प्रश्न विचारला की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. ‘काय होणार? दगडासारखं खाली येणार.’ मंडळी, तसं होत नाही. आधी हा गैरसमज बाजूला ठेवू या, नाहीतर पुढचा इतिहास कळायचा नाही.

विमानाला हवेत धरून ठेवतात ते पंख. इंजिनाचं काम विमानाला पुढे ढकलत राहण्याचं. इंजिन थांबलं तरी पंख जागेवरच असतात. फरक इतकाच की आता पुढे सरकण्यासाठी उंची खर्च करावी लागते. उतारावर सायकलचं पायडल न मारता आपण जातो, तसंच. आजकाल शिकाऊ वैमानिकांचं नेहमीचं विमान म्हणजे सेस्ना १७२. ते इंजिनाशिवाय आपल्या उंचीच्या साधारण नऊ पट अंतर कापतं. समजा जुहूच्या विमानतळावर ३,००० फुटांवर, म्हणजे ९०० मीटरवर, इंजिन थांबलं, तर वारा नसेल तेव्हा विमान आठेक किलोमीटर घसरत जाईल. जुहूहून माहीमपर्यंत पोचायला तेवढं पुरे. हाताशी वेळ साधारण चार मिनिटं.

या चार मिनिटांत वैमानिकाने काय करायचं, हे कळायला माणसाला बरीच वर्षं लागली. इंग्रजीत याला फोर्स्ड लँडिंग म्हणतात. आम्ही आपलं ‘भाग पडलेलं उतरणं’ म्हणू. या प्रकरणाचे दोन अर्धे आहेत. पहिला अर्धा वैमानिकाचा : धड उतरणं. दुसरा अर्धा बाकीच्या जगाचा : उतरलेला माणूस सापडणं. इतिहासात पहिल्या अर्ध्याचं खूप कौतुक झालं. दुसऱ्याकडे लक्ष जायला मात्र फार उशीर झाला, आणि त्या उशिराची किंमत काही माणसांनी मोजली. आज आम्ही सांगणार आहोत ती याच उशिराची गोष्ट.

सुरुवात १९०९ पासून करू. लंडनच्या ‘डेली मेल’ वर्तमानपत्राने इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणाऱ्याला १,००० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. ह्युबर्ट लॅथम हा तरुण आँत्वानेत जातीचं विमान घेऊन १९ जुलैला कॅलेजवळच्या सांगातहून निघाला. किनारा मागे पडला, आणि थोड्याच वेळात इंजिन बंद. खाली समुद्र. लॅथमने विमान सरळ, सपाट, अलगद पाण्यावर टेकवलं. ते तरंगत राहिलं. मदतीला मागे फ्रेंच नौदलाची बोट होती. ती पोचली तेव्हा हा गृहस्थ विमानात बसून सिगारेट ओढत होता! समुद्रावर उतरलेलं हे पहिलं विमान मानतात.

सहा दिवसांनी, २५ जुलैला, लुई ब्लेरिओ पलीकडे पोचला आणि इतिहासात गेला. त्याचं २५ अश्वशक्तीचं तीन सिलिंडरचं इंजिनही वाटेत तापत होतं. पावसाच्या सरीने ते थंड झालं, असं सांगतात. म्हणजे नशिबाचा काटा थोडा इकडेतिकडे झाला असता तर ब्लेरिओही पाण्यात बसून बोटीची वाट बघत असता. दोन दिवसांनी लॅथम पुन्हा निघाला, आणि डोव्हर समोर दिसत असताना पुन्हा समुद्रात उतरला.

गंमत बाजूला ठेवून एक गोष्ट नोंदवू. लॅथम दोन्ही वेळा वाचला त्याला दोन कारणं. विमान त्याने नीट टेकवलं हे एक. खाली त्याची वाट बघणारी बोट होती हे दुसरं. दोन्ही अर्धे जागेवर होते. मात्र वर्तमानपत्रांत गाजली ती सिगारेट. बोटीचं नाव किती जणांना ठाऊक असतं? ‘आर्पों’. फ्रेंच भाषेत हार्पून, म्हणजे मोठे मासे मारायचा भाला. इथे त्या भाल्याने माणूस वाचवला.

पहिलं महायुद्ध आलं. हजारो पोरं घाईघाईने वैमानिक झाली, आणि त्यातली पुष्कळ शत्रूची गोळी लागण्याआधीच प्रशिक्षणात गेली. तेव्हाची शिकवण्याची रीत अशी होती की धोक्याचं काही विद्यार्थ्याला दाखवायचंच नाही. १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने ही रीत उलटी केली. त्याचं म्हणणं असं की विद्यार्थ्याला मुद्दाम अडचणीत घाला आणि त्यातून बाहेर पडायला शिकवा. मास्तर आणि विद्यार्थी एकाच विमानात, दोघांपुढे सारखे दांडे, आणि मध्ये बोलायला रबरी नळी. त्या नळीला पुढे गॉस्पोर्ट ट्यूब असं नावच पडलं.

याच विचारातून पुढची सगळी तालीम वाढली. आजही शिकाऊ मुलगा किंवा मुलगी शांतपणे उडत असते, आणि शेजारी बसलेले मास्तर गुपचूप इंजिनाची ताकद काढून घेतात. ‘हं, इंजिन गेलं. आता सांग, कुठे उतरणार?’ पहिल्यांदा पोटात गोळा येतो. दहाव्यांदा हात आपोआप कामाला लागतो.

हात काय करतो? क्रम साधा आहे. आधी विमानाचा वेग सांभाळ. मग जागा निवड. मग वेळ उरला तर इंजिन का थांबलं ते बघ. सगळ्यात आधी वेग, कारण घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो. जमीन जवळ येताना दिसली की त्याला विमानाचं नाक वर ओढावंसं वाटतं. त्याला वाटतं, अजून थोडं पुढे जाऊ. प्रत्यक्षात वेग पडतो, पंखांवरून वाहणारी हवा विस्कटते, आणि मग विमान खरोखरच दगडासारखं पडतं. इंजिन बंद पडल्याने जे झालं नव्हतं, ते माणूस स्वतःच्या हाताने घडवून आणतो.

दुसरा मोह मागे वळण्याचा. उड्डाण केल्या केल्या, अजून दोन-तीनशे फूटही झालेले नसताना इंजिन थांबलं, तर मन म्हणतं, धावपट्टी मागे आहे, वळू या. पण वळताना विमान कलतं, पंखांवरचा भार वाढतो, आणि ज्या वेगाला विमान हवेत टिकत नाही तो वेगच वर सरकतो. ४५ अंशांत कललं तर सुमारे १९ टक्के, ६० अंशांत कललं तर सुमारे ४१ टक्के. हातात उंची नाही, वेग नाही, आणि त्यात हे वळण. म्हणून प्रत्येक फ्लाइंग क्लबात पहिल्या दिवसापासून घोकून घेतात : समोर उतर. शेत असो, रस्ता असो, झुडपं असोत, समोर उतर. विमान मोडलं तर मोडू दे. माणूस सावकाश वेगाने जमिनीला लागला की बहुधा वाचतो.

मघाशी चहाच्या वेळी एका तरुणाने विचारलं, ‘मग अख्ख्या विमानालाच पॅराशूट का बांधत नाहीत?’ बांधतात. अमेरिकेतलं सिरस हे छोटं विमान १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तसं पॅराशूट घेऊनच बाजारात आलं. पण आमची आजची गोष्ट त्याच्या आधीची आहे.

आता छोट्या खाजगी विमानांच्या खऱ्या जमान्यात येऊ. फेब्रुवारी १९२५ मध्ये जेफ्री डी हॅविलंड यांचं मॉथ हे विमान पहिल्यांदा उडालं. लाकडी सांगाडा, वर कापड, दोन उघड्या बैठका, आणि पंख मागे दुमडले की जरा मोठ्या मोटारीच्या शेडमध्ये मावेल असं. यामुळे विमान हे सैन्याच्या मालकीतून हौशी माणसाच्या हातात आलं. आपल्याकडे १९२८ च्या सुमारास मुंबई, दिल्ली, कराचीला फ्लाइंग क्लब सुरू झाले, जुहूचा विमानतळ झाला. १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतात दिलेला पहिला.

या विमानांची इंजिनं का थांबायची? कारणं घरगुती होती. स्पार्क प्लगवर काजळी बसायची. पेट्रोलमध्ये पाणी जायचं. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बिघडायचा. म्हणून तर विमानाच्या इंजिनात दोन मॅग्नेटो ठेवायची पद्धत पडली, एक गेला तर दुसरा असावा म्हणून. आणि एक कारण ऐकून आपल्याकडची माणसं हसतात : कार्ब्युरेटरमध्ये बर्फ! मुंबईसारख्या दमट हवेत, बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान असतानाही, पेट्रोलची वाफ होताना आतली हवा इतकी थंड होते की बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. शिवाय सगळ्यात जुनं, सगळ्यात लाजिरवाणं आणि आजही चालू असलेलं कारण म्हणजे पेट्रोल संपणं.

१९३० चा मे महिना बघा. इंग्लंड ते भारत या हवाई वाटेवर एकाच वेळी किती छोटी विमानं होती! आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये, कुठल्याही बाजूने, एकट्याने, एका महिन्याच्या आत उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होतं. तिघे शर्यतीत होते. एक मनमोहन सिंग. नाव ओळखीचं असलं तरी माणूस वेगळा. (हशा) ते पोचले, पण महिन्याची मुदत चुकली. दुसरे जे. आर. डी., कराचीहून इंग्लंडकडे निघालेले. तिसरा अस्पी इंजिनियर, वय वर्षं सतरा, इंग्लंडहून कराचीकडे येणारा.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबूकीरला जे. आर. डी. उतरले, तर तिथे हा सतरा वर्षांचा प्रतिस्पर्धी अडकून पडलेला. इंजिनाचे प्लग बिघडले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. जे. आर. डीं.नी काय करावं? शर्यतीचा हिशेब म्हणतो, शुभेच्छा द्याव्या आणि निघावं. त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्याला दिले. अस्पीनेही परतफेड केली. भूमध्य समुद्र तो ओलांडून आला होता, जे. आर. डीं.ना अजून ओलांडायचा होता. म्हणून त्याने आपलं पाण्यात तरंगायचं जाकीट त्यांना दिलं. बक्षीस अस्पीला मिळालं. जे. आर. डी. थोडक्यात मागे राहिले. तोच अस्पी इंजिनियर पुढे एअर मार्शल झाला आणि १९६० ते १९६४ भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता.

ही गोष्ट खिलाडूपणाची म्हणून सांगतात. आम्हाला तिच्यात आणखी काही दिसतं. बघा, देवाणघेवाण कशाची झाली? इंजिन थांबू नये म्हणून प्लग, आणि थांबलंच तर बुडू नये म्हणून जाकीट. दोघेही वैमानिक होते. दोघांनाही ठाऊक होतं की या वाटेवर आपल्या मागे दुसरं कुणी नाही. एकाच्या अडचणीत दुसऱ्याने उभं राहायचं, एवढीच काय ती व्यवस्था.

त्याच मे महिन्यात ॲमी जॉन्सन ही इंग्लिश तरुणी ‘जेसन’ नावाचं मॉथ घेऊन लंडनहून ऑस्ट्रेलियाला निघाली होती. ५ मेला निघाली, १० मेला कराचीत. तिथून अलाहाबादला जाताना वाट चुकली, पेट्रोल संपत आलं. शेवटी झाशीला फौजेच्या मैदानावर तिने विमान उतरवलं. पंखाला मार बसला. तिथल्या लोकांनी तो दुरुस्त केला, आणि बाई पुढे गेल्या. रंगूनजवळ इन्सीनला पुन्हा तेच. तंत्रशाळेच्या मैदानावर उतरताना विमान खड्ड्यात गेलं. पुन्हा तिथल्याच माणसांनी ते उभं केलं. २४ मेला ती डार्विनला पोचली आणि जगभर नाव झालं. त्या नावात झाशीचे आणि इन्सीनचे ते हात कुठेच दिसत नाहीत. पण दुसरा अर्धा भाग त्यांनी सांभाळला. ती जिथे उतरली तिथे माणसं होती, हे तिचं भाग्य.

आता जिथे माणसं नव्हती तिथे जाऊ.

बिल लँकेस्टर. जन्म १८९८ चा, इंग्लंडचा, युद्धातला वैमानिक. १९२७-२८ मध्ये जेसी मिलर या ऑस्ट्रेलियन बाईंबरोबर त्याने एका छोट्या एव्हियन विमानातून इंग्लंड ते डार्विन प्रवास केला होता. पुढे अमेरिकेत त्याच्या आयुष्याला वाईट वळण लागलं. एप्रिल १९३२ मध्ये मायामीला तिघे ज्या घरात राहत होते त्या घरात एका तरुणाचा गोळी लागून मृत्यू झाला. लँकेस्टरवर खुनाचा खटला चालला. तो निर्दोष सुटला, पण नाव गेलं, काम गेलं. त्या खटल्यात आज शिरायचं कारण नाही. एवढंच लक्षात ठेवा की गेलेलं नाव परत मिळवायची त्याला घाई होती.

१९३२ च्या नोव्हेंबरात ॲमी जॉन्सनने इंग्लंडहून केपटाउनला जायचा विक्रम केला होता, सव्वाचार दिवसांच्या आसपास. लँकेस्टरने तो मोडायचं ठरवलं. आईवडिलांनी पैसे उभे केले. विमान घेतलं ‘सदर्न क्रॉस मायनर’, पूर्वी चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथचं. हे विमान ॲमीच्या विमानापेक्षा हळू होतं. हळू विमानाने विक्रम मोडायचा तर वेळ वाचणार कुठून? झोपेतून. म्हणजे रात्री उडायचं, विश्रांती घ्यायची नाही. ही शर्यत जमिनीवरच निम्मी हरलेली होती.

११ एप्रिल १९३३ ला पहाटे तो इंग्लंडमधल्या लिंपनहून निघाला. दुसऱ्या दिवशी सहारा वाळवंटातल्या रेगान या ठाण्यावर पोचला तेव्हा झोप नसल्यामुळे त्याची अवस्था वाईट होती. ठाण्यावरच्या लोकांनी सांगितलं, रात्र आहे, जाऊ नका. विमानात उपकरणं बघायला दिवाही नव्हता. तरी तो थांबेना. तेव्हा त्यांनी त्याला एक टॉर्च दिला आणि सांगितलं, पुढच्या ठाण्यावरून तुम्ही पोचल्याची खबर आली नाही, तर आम्ही गाडी पाठवू.

हे वाक्य ध्यानात ठेवा. ‘आम्ही गाडी पाठवू.’ आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. त्या ‘येतो’मध्ये मागे राहिलेल्यांनी वाट बघायची, उशीर झाला तर चौकशी करायची, हे सगळं येतं. रेगानला झालं ते तसंच होतं. त्याने ‘येतो’ म्हटलं, त्यांनी ‘वाट बघतो’ म्हटलं.

संध्याकाळी तो निघाला आणि दोनेक तासांच्या आतच अंधारात इंजिन अडखळलं आणि थांबलं. मघाशी सांगितलेली चार मिनिटं आठवा. वेग सांभाळ, जागा निवड. पण रात्रीच्या वाळवंटात जागा निवडायची कशी? विमान आपटलं, उलटं झालं. तो शुद्धीवर आला तेव्हा विमानाखाली अडकला होता. तोंडाला जखमा झाल्या होत्या, रक्त वाहत होतं. पण तो जिवंत होता, हातपाय धड होते. म्हणजे पहिला अर्धा भाग, कसाबसा का होईना, पार पडला होता.

आता दुसरा अर्धा. त्याच्याजवळ काही लिटर पाणी आणि थोडं खाणं होतं. त्याने नियम पाळला. वैमानिकांचा नियम आजही हाच आहे : विमानाजवळच थांबा. वाळवंटात चालणारा माणूस वरून दिसत नाही, मोडलेलं विमान दिसतं. तो थांबला. पाणी मोजून प्यायचा. रात्री विमानाच्या पंखाचं कापड फाडून, पेट्रोलमध्ये भिजवून, ठरावीक वेळाने पेटवायचा. एका रात्री दूरवर त्याला उजेड दिसल्यासारखं वाटलं. त्याने आपला उजेड पेटवून उत्तर दिलं. कुणी आलं नाही. उड्डाणाच्या नोंदवहीत तो रोज लिहीत राहिला. तहान, उन्हाचा ताप, आईवडील, जेसी मिलर, आणि येणाऱ्या गाडीची वाट.

गाडी निघाली होती, मंडळी. रेगानच्या लोकांनी शब्द पाळला. पण मोटारींची वाट एकीकडे आणि हा तिच्यापासून बाजूला, वाळूत. वाळवंटात कुठे शोधणार? आठ दिवसांनी, २० एप्रिलला, त्याची शेवटची नोंद आहे.

नोंदवही त्याने कापडात गुंडाळून विमानाला बांधून ठेवली होती. ती फ्रेंच सैन्याच्या गस्तीला सापडली फेब्रुवारी १९६२ मध्ये. जवळजवळ एकोणतीस वर्षांनी. विमानाचे अवशेष पुढे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड म्युझियमकडे गेले.

या गोष्टीशेजारी दुसरी एक ठेवून बघू. ३० डिसेंबर १९३५. लेखक-वैमानिक आंत्वान द सँतेक्झुपेरी पॅरिसहून सायगावला विक्रम करायला निघाला होता. बरोबर मेकॅनिक आंद्रे प्रेव्हो. लिबियाच्या बाजूच्या वाळवंटात रात्री त्यांचं विमान जमिनीला भिडलं. इथे इंजिन बंद पडलं नव्हतं, अंधारात उंचीचा अंदाज चुकला होता. पाणी जवळजवळ नव्हतंच. या दोघांनी नियम मोडला. काही दिवस भटकून, शेवटी विमान सोडून चालत सुटले, आणि मरणाच्या दारात असताना एका बेदुइनाने त्यांना पाहिलं, पाणी पाजलं. तुमच्यापैकी अनेकांनी त्याचं ‘लिटल प्रिन्स’ वाचलं असेल. त्यातला वैमानिक सहारात इंजिन बिघडून उतरतो, ते उगाच नाही.

आता पेच असा. नियम पाळणारा लँकेस्टर मेला, नियम मोडणारा सँतेक्झुपेरी वाचला. मग नियम चुकीचा का? आमच्या मते, नाही. ‘विमानाजवळ थांबा’ हा एक करार आहे. वैमानिकाने थांबायचं, आणि बाकीच्यांनी त्याला शोधायची ताकद ठेवायची. १९३३ मध्ये पहिल्या बाजूने करार पाळला. दुसऱ्या बाजूची इच्छा होती, पण साधन नव्हतं. अशा वेळी थांबणारा मरतो. सँतेक्झुपेरीला वाचवलं ते चालण्याने म्हणा किंवा त्या बेदुइनाच्या नजरेने म्हणा. त्या दिवशी तो बेदुइन दुसऱ्या वाटेने गेला असता, तर आपण आज हे दोन्ही मृत्यू एकाच दमात सांगितले असते.

कराराची दुसरी बाजू कागदावर यायला दुसऱ्या महायुद्धाचा शेवट उजाडला. १९४४ च्या शिकागो करारात कलम घातलं गेलं की संकटात सापडलेल्या विमानाला प्रत्येक देशाने आपल्या हद्दीत शक्य ती मदत द्यावी. शोध आणि बचाव यांचे स्वतंत्र नियम १९५० मध्ये आले. वैमानिकाने जाण्याआधी वाट आणि वेळ लिहून द्यायची, पोचला नाही तर ठरलेल्या वेळी शोध सुरू करायचा. रेगानच्या ठाण्यावरचं तोंडी ‘गाडी पाठवू’ आता कायद्यात आलं.

तरी वाळवंटातला प्रश्न उरलाच होता : कुठे शोधणार? त्याचं उत्तर आकाशातून आलं, आणि आलं ते शीतयुद्धाच्या ऐन भरात. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत युनियन या चार देशांनी मिळून एक योजना केली. विमानात छोटं यंत्र ठेवायचं, ते आदळल्यावर आपोआप रेडिओचा संदेश देत राहील, उपग्रह तो ऐकेल आणि जागा सांगेल. या योजनेचा पहिला उपग्रह सोव्हिएत होता, १९८२ च्या जूनमध्ये सोडलेला. त्याच सप्टेंबरात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात एक छोटं विमान पडलं. आत तिघे. हे तिघे स्वतः दुसऱ्या एका हरवलेल्या विमानाच्या शोधात निघाले होते! सोव्हिएत उपग्रहाने त्यांचा संदेश पकडला आणि तिघेही वाचले. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेल्या दोन बाजूंनी पहिल्यांदा हाताला हात लावून वाचवलेली ही माणसं.

लँकेस्टरने पंखाचं कापड जाळून केलेली खूण आणि हे यंत्र, दोन्हींचं म्हणणं एकच आहे : मी इथे आहे. फरक ऐकणाऱ्यात पडला. भारतही या व्यवस्थेत आहे. इस्रोची जमिनीवरची केंद्रं बेंगळुरू आणि लखनौला आहेत, आणि कुठल्या तरी डोंगरातून किंवा समुद्रातून आलेला असा संदेश तिथे ऐकला जातो.

शेवटी एक घरगुती गोष्ट. आपल्या राज्यात शिकाऊ विमानं बरीच उडतात. उद्या एखादं तुमच्या गावाबाहेरच्या शेतात उतरलं, तर काय कराल? मोबाइल काढून धावत जाऊन गर्दी करायची नाही. आधी ११२ ला फोन करायचा आणि गावाचं, शिवाराचं नाव नीट सांगायचं. पेट्रोल गळत असेल, म्हणून आसपास बिडी-काडी पेटवू द्यायची नाही. आत माणूस असेल आणि आग नसेल, तर त्याला ओढाताण करून बाहेर काढायची घाई करायची नाही, त्याच्याशी बोलत राहायचं. पाठीला मार बसलेला असू शकतो. एवढं पुरे.

त्याने त्याचा अर्धा भाग केलेला असतो. वेग सांभाळून, तुमचं शेत निवडून, विमान मोडून घेऊन तो खाली आलेला असतो. झाशीच्या मैदानावरच्या माणसांनी, अबूकीरला जे. आर. डीं.नी, वाळवंटातल्या त्या बेदुइनाने जे केलं, तो उरलेला अर्धा भाग त्या दिवशी तुमच्याकडे आलेला असतो.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.